नियम पाठ, तरी वाक्य अडते : मराठी विद्यार्थी आणि इंग्रजी व्याकरणाचे अध्यापन

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतील शिक्षकांना एक अनुभव नवा नाही. दहावीच्या विद्यार्थ्याला 'शी राइट्स अ लेटर' या वाक्याचा कर्मणी प्रयोग करावयास सांगितला, तर 'अ लेटर इज रिटन बाय हर' हे अचूक उत्तर तो क्षणात देतो. त्यालाच 'काल संध्याकाळी काय केलेस?' असे इंग्रजीत विचारले, की 'यस्टरडे आय अ‍ॅम गो...' येथे गाडी अडते. व्याकरणाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण आणि बोलताना चार शब्दांचे वाक्य अपुरे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या ठायी नांदतात. पहिली गोष्ट म्हणजे भाषेविषयीची माहिती. दुसरी म्हणजे भाषा वापरण्याची क्षमता. माहिती दिली की क्षमता आपोआप येते, हा समज आपल्या शाळांत दीर्घकाळ टिकून आहे. इंग्रजी अध्यापनाच्या निरनिराळ्या पद्धतींचा इतिहास म्हणजे बहुतांशी या समजाशी झालेला झगडाच होय.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या तासापुरता राहत नाही. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर किंवा वडोदरा असो, पालक मुलाला मराठी शाळेतून काढतात तेव्हा बहुधा एकच कारण सांगतात : 'तिथे इंग्रजी येत नाही.' महाराष्ट्राने 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. परंतु इंग्रजी लवकर सुरू करणे आणि इंग्रजी नीट शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी शाळेत इंग्रजी उत्तम शिकविले जाते असे पालकाला प्रत्यक्ष दिसले, तर शाळा बदलण्याचे त्याचे सर्वांत मोठे कारण संपते. म्हणून अध्यापनपद्धतीची ही चर्चा तज्ज्ञांवर सोपवून चालण्यासारखी नाही.

पाठमालेपासून बंगळुरूच्या प्रयोगापर्यंत

युरोपात लॅटिन व ग्रीक या भाषा ज्या रीतीने शिकवीत, तीच रीत आपल्याकडे इंग्रजीसाठी आली. नियम सांगावा, अपवाद सांगावेत, शब्दांची यादी पाठ करून घ्यावी आणि वाक्यांचे भाषांतर करवून घ्यावे. हिला व्याकरण-भाषांतर पद्धत म्हणतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे या पद्धतीचे मराठीतील सर्वपरिचित रूप. कित्येक पिढ्या तिच्यावर पोसल्या. या पद्धतीला आज नावे ठेवण्याची प्रथा पडली आहे, ती सर्वस्वी न्याय्य नाही. पाठमालेतून शिकलेल्या माणसाला मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य यांच्या घडणीतील फरक डोळसपणे दिसत असे. मात्र तिची मर्यादाही उघड होती. शिकणारा वाचू शके, अर्ज लिहू शके. परंतु ऐकणे आणि बोलणे यांना तिच्यात जागाच नव्हती.

याची प्रतिक्रिया म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्ष पद्धत पुढे आली. वर्गात मातृभाषा बंद. वस्तू दाखवून, कृती करून, इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावयाचे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या पी. सी. रेन यांनी भारतीय शाळांत ही पद्धत कशी वापरावी यावर पुस्तक लिहिले होते. हेच रेन पुढे 'बो जेस्त' या कादंबरीमुळे जगभर गाजले, आणि भारतात मात्र 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकामुळे अमर झाले. प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्याचे नाव नियम आणि रिकाम्या जागा यांच्याशी कायमचे जोडले जावे, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल.

ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी वेगळा विचार मांडला. बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल 1926 साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. तेव्हा जितके शिकतील तितके उपयोगी पडावे, आणि थोड्या वेळात सर्वांत जास्त उपयोगी पडणारे कौशल्य म्हणजे वाचन, असा त्यांचा युक्तिवाद होता. नेहमीच्या वापरातील सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी 1953 साली प्रसिद्ध झाली. आज कोशांत आणि सोप्या वाचनमालांत जी शब्दमर्यादा पाळली जाते, तिच्या मुळाशी या यादीची परंपरा आहे.

स्वातंत्र्यानंतर संरचना पद्धतीचे युग आले. इंग्रजी वाक्यांचे साचे सोप्याकडून कठिणाकडे क्रमाने लावावयाचे आणि एकेक साचा तोंडी सरावाने पक्का करावयाचा, अशी तिची रीत. हैदराबादला 1958 साली स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेने देशभरातील शिक्षकांना प्रशिक्षण दिले. आज तीच संस्था इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. या पद्धतीची शब्दबदल-सारणी ही एक देणगी अजूनही कामाची आहे. फळ्यावर चार रकाने : पहिल्यात कर्ता, दुसऱ्यात सहाय्यकारी क्रियापद, तिसऱ्यात मुख्य क्रियापद, चौथ्यात स्थळ वा काळ. प्रत्येक रकान्यात पाच शब्द असले, तर एका सारणीतून सव्वासहाशे वाक्ये निघतात. दोष इतकाच, की मूल अर्थाकडे लक्ष न देताही ती सर्व बिनचूक म्हणू शकते.

या दोषावर बोट ठेवून भारतातच एक धाडसी प्रयोग झाला. ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी बंगळुरूच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रकल्प चालविला. त्यात व्याकरणाचा अभ्यासक्रमच नव्हता. मुलांपुढे रोज एक कोडे असे : रेल्वेचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी धरावी ते ठरवा, नकाशावर मार्ग शोधा, वंशावळ पाहून नाती सांगा. शिक्षक आधी तशाच एका कोड्याची उकल वर्गासमवेत तोंडी करीत, मग दुसरे कोडे मुले स्वतः सोडवीत. लक्ष अर्थावर, व्याकरण नकळत मुरावे, ही अपेक्षा. अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी या वर्गांची तुलना नेहमीच्या वर्गांशी केली, तेव्हा निष्कर्ष सावधपणे प्रकल्पाच्या बाजूचा निघाला. प्रभूंचे 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हे पुस्तक 1987 साली आले, आणि कृतिकेंद्री अध्यापनाची आज जगभर जी चर्चा चालते, तिच्यात बंगळुरूचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो क्वचितच येतो, याचे आश्चर्य वाटते.

मराठी भाषकाची अडचण नेमकी कोठे?

वरील बहुतेक पद्धती 'विद्यार्थी' नावाच्या एका सर्वसाधारण प्राण्याचा विचार करतात. परंतु जपानी मुलाची चूक आणि मराठी मुलाची चूक सारखी नसते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी 1957 साली दोन भाषांची तुलना करून अडचणींचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. पुढे असे आढळले, की सर्वच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत. तरीही मराठी वर्गात रोज ऐकू येणाऱ्या पुष्कळ चुकांचा उगम मराठीच्या व्याकरणात बिनचूक सापडतो, आणि तो मुलाला दाखवून दिला की चूक लवकर सुटते.

उपपदांपासून आरंभ करू. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांना प्रतिशब्द नाहीत. म्हणून ती एक तर गळतात, नाहीतर मिठासारखी सगळीकडे भुरभुरली जातात. शाळेत नियम सांगतात तो स्वरापुढे 'अ‍ॅन' लावण्याचा. तो गौण आहे. खरा प्रश्न 'अ' केव्हा आणि 'द' केव्हा हा, आणि त्याची जाणीव मराठी मुलाला असतेच. 'एका गावात एक म्हातारी राहत होती. त्या म्हातारीकडे एक कोंबडा होता. तो कोंबडा...' या गोष्टीत पहिल्या उल्लेखाला 'एक' आणि दुसऱ्याला 'तो' किंवा 'ती' आपण न शिकविता लावतो. ऐकणाऱ्याला अद्याप ठाऊक नसलेली वस्तू आणि आता ठाऊक झालेली वस्तू, हाच तो भेद. अशी एक गोष्ट फळ्यावर मांडून तिच्या शेजारी इंग्रजी गोष्ट लिहिली, तर व्याख्येने जे साधत नाही ते बऱ्याच अंशी साधते. फरक एवढाच, की मराठीत हे शब्द गाळले तरी चालतात, इंग्रजीत चालत नाहीत. पोर्तुगीज शिकलेल्या गोव्यातील जुन्या पिढीला उपपदांची कल्पना परकी नव्हती, कारण त्या भाषेत ती आहेत.

काळांच्या बाबतीत गुंता अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ मराठी मुलाला अवघड जातो तो मराठीत तसे रूप नाही म्हणून नव्हे, तर जवळजवळ तसेच रूप आहे म्हणून. 'मी हा चित्रपट पाहिला आहे' म्हणजे 'आय हॅव सीन धिस फिल्म'. येथवर सारे ठीक. परंतु 'मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य असून 'आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर' हे इंग्रजीत सदोष आहे. केव्हा ते सांगितले, की इंग्रजीत 'हॅव' जाते आणि 'सॉ' येते. ही एकच ओळ शिक्षकाने मराठीत समजावली, तर काळांच्या तक्त्याचे काम निम्म्याने हलके होते. तशीच गोष्ट 'पासून' या शब्दाची. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स' आणि दुसऱ्याला 'फॉर'. आरंभबिंदू सांगावयाचा की कालावधी, हा भेद मराठीचे 'पासून' झाकून टाकते. त्यातूनच 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य जन्मते, ज्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत.

'मला भूक लागली' या वाक्याने तर एक सुंदर पाठ घेता येतो. भूक, थंडी, आवड यांच्या बाबतीत अनुभव घेणाऱ्याला आपण कर्ता मानीत नाही. अनुभव घेणारा 'मला' होतो. कोकणीत 'म्हाका भूक लागल्या', कन्नडमध्ये 'ननगे हसिवागिदे', हिंदीत 'मुझे भूख लगी है', गुजरातीत 'मने भूख लागी छे', तेलुगूत 'नाकु आकलिगा उंदि'. पणजीपासून हैदराबादपर्यंतची मुले यांतील निदान दोन भाषा घेऊनच वर्गात येतात, आणि त्या सर्व या बाबतीत एका बाजूला आहेत. इंग्रजी मात्र 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय लाइक इट' अशी भुकेल्यालाच कर्ता करते. बेळगावच्या वर्गात फळ्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन वाक्ये एकाखाली एक लिहून 'वेगळे काय दिसते?' एवढेच विचारावे. मुले नियम स्वतः काढतात, आणि स्वतः काढलेला नियम विसरत नाहीत. सीमाभागातील मुलांची बहुभाषिकता ही इंग्रजीच्या आड येणारी अडचण आहे, असे मानण्याची सवय आपण सोडावयास हवी. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही बहुभाषिकता हे वर्गातील साधन मानले आहे.

अप्रत्यक्ष कथनातही आपली भाषा निराळ्या वाटेने जाते. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' या मराठी वाक्यात 'मी' म्हणजे 'तो'. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत सर्वनाम बदलते, काळ मागे सरकतो आणि 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होतो. परीक्षेसाठी मुले या बदलांचा तक्ता पाठ करतात. परंतु इंग्रजी वाक्य बोलणाऱ्याच्या नव्हे तर सांगणाऱ्याच्या जागेवरून सारे पाहते, ही एक गोष्ट सांगितली तर तक्त्याची गरज फारशी उरत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या आणखी काही सवयी आहेत. 'त्याच्याशी लग्न केले' यातील 'शी' इंग्रजीत 'विथ' होऊन 'मॅरीड विथ हिम' असे वाक्य येते. 'त्याविषयी चर्चा केली' यातून 'डिस्कस्ड अबाउट' येते. आपला लाडका 'च' हा 'ओन्ली' होऊन 'टुडे ओन्ली' असा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. 'ना?' आणि 'नाही का?' यांच्या जागी सरसकट 'इजन्ट इट?' लागते. वाक्याच्या शेवटी 'का' जोडून प्रश्न करण्याची मराठी सोय इंग्रजीत नसल्यामुळे 'यू आर कमिंग?' एवढ्यावर भागविले जाते, आणि 'डू', 'डिड' यांची योजना शिकविली की 'डिड यू वेंट' ऐकू येते. यांतील काही प्रयोग भारतीय इंग्रजीत इतके रुळले आहेत, की त्यांना चूक म्हणावे की बोली, असा प्रश्न पडावा. माझ्या मते बोलताना त्यांच्यावर शक्ती खर्च करू नये. लेखी व औपचारिक इंग्रजीत मात्र ती सवलत देऊ नये.

नियम सांगावा की न सांगावा?

या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बरीच शाई खर्ची पडली आहे. स्टीफन क्रॅशन यांनी 1980 च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की समजेल अशा भाषेचा भरपूर सहवास मिळाला की भाषा आत्मसात होते. नियमांचे ज्ञान फार तर बोललेले तपासण्यापुरते कामी येते. या मताने व्याकरणाच्या तासाला जगभर धक्का दिला. त्याला उत्तर कॅनडातून आले. तेथे इंग्रजी भाषक मुले शाळेतील विषय फ्रेंचमधून शिकत. अनेक वर्षांच्या अशा सहवासानंतर त्यांना ऐकलेले व वाचलेले उत्तम समजे, परंतु बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका तशाच राहत. मेरिल स्वेन यांनी 1985 साली त्याचे कारण सांगितले : मुलांना फ्रेंच ऐकावयास पुष्कळ मिळते, पण स्वतः लांब व नेमके बोलण्याची वेळ फारशी येत नाही. बोलावे लागते तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे कळते. मुलाला इंग्रजी माध्यमात घातले की इंग्रजी आपोआप येते, असे मानणाऱ्या पालकांनी हा दाखला ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

जॉन नॉरिस आणि लोर्डेस ऑर्टेगा यांनी 2000 साली तोवरच्या 49 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. नियमाकडे उघडपणे लक्ष वेधून शिकविणे हे न वेधता शिकविण्यापेक्षा अधिक परिणामकारक दिसले. परंतु यातील पुष्कळ अभ्यासांत मोजमापच अशा चाचण्यांनी झाले होते, की ज्यांत नियम ठाऊक असलेल्याला आपोआप लाभ मिळावा. म्हणजे आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याचेच कोडे पुन्हा पुढे येते. दोन्ही बाजूंचे ऐकून एवढे म्हणता येते : नियम सांगावा, पण थोडक्यात, आणि तो अर्थपूर्ण वापराच्या आधी नव्हे, तर वापरात अडचण आली तेव्हा सांगावा. मायकेल लाँग यांनी मांडलेली, संवाद चालू असताना गरजेपुरते रूपाकडे लक्ष वेधण्याची कल्पना याच वाटेची आहे.

शिक्षकांना दिलासा देणारी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदाला लागणारा 'एस' (म्हणजे 'ही गोज' मधला शेवटचा ध्वनी) पाचवीत शिकवावा, सहावीत शिकवावा, आणि नववीत मुलाने 'ही गो' म्हणावे, हा अनुभव मराठी वर्गापुरता नाही. निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासांत हा 'एस' उशिरा येणाऱ्या रूपांत आढळला आहे. 'तो जातो, ती जाते, ते जातात' अशी रूपे सहज चालविणाऱ्या मराठी मुलाला क्रियापद बदलण्याचे भय नसते. अडचण ही, की 'ही' म्हटल्यावर तो 'एस' कोणताही नवा अर्थ आणीत नाही. बोलण्याच्या ओघात मेंदू त्याला वगळतो. त्यामुळे या चुकीसाठी छडी उगारणे जितके निर्दय, तितकेच निरुपयोगी.

चूक सुधारण्याच्या रीतीवरही थोडे. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी 1997 साली फ्रेंच माध्यमातील वर्गांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. शिक्षक बहुतेक वेळा चुकीचे वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत आणि पुढे जात. परंतु या रीतीला मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळे, कारण शिक्षक आपल्या म्हणण्याला दुजोरा देत आहेत असेच त्यांना वाटे. 'काय म्हणालास?' असे विचारून किंवा चुकीच्या जागेपर्यंत वाक्य पुन्हा म्हणून थांबले, तर मूल स्वतः दुरुस्ती करते. थांबण्याला काही सेकंद लागतात. आपल्या वर्गांत तेवढा धीर धरला जात नाही, एवढेच.

साठ मुले, एक फळा

हे सारे लहान वर्गांत आणि साधनसंपन्न शाळांत शक्य आहे, असा आक्षेप येईल. त्याला एक स्वस्त उत्तर आहे. रूथ वायनरिब यांनी 1990 साली पुस्तकरूपाने मांडलेल्या 'व्याकरण-श्रुतलेखना'ला फळा आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही. शिक्षकाने पाच-सहा वाक्यांचा छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचावा. पहिल्यांदा मुलांनी केवळ ऐकावे, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपावेत. मग तिघा-चौघांच्या गटाने त्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करावा. शब्दशः नव्हे, पण अर्थ तोच आणि व्याकरण शुद्ध. अखेरीस एका गटाचा उतारा फळ्यावर लिहून मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा. 'येथे द हवे की अ?' यावर गटात जो वाद होतो, तोच खरा व्याकरणाचा तास. तो वाद मराठीत झाला तरी बिघडत नाही. किंबहुना नवख्या मुलांनी तो मराठीतच करावा. ऐकणे, बोलणे, लिहिणे आणि वाचणे ही चारही कौशल्ये एका तासात येतात, आणि उतारा स्थानिक असला तर मुले रमतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा इंदूरचा राजवाडा यांवर सहा सोपी वाक्ये लिहिणे कोणत्याही शिक्षकाला कठीण नाही.

मराठीचा वापर किती करावा, याबद्दल शिक्षकांच्या मनात अजून अपराधभाव असतो. अर्थ आणि तुलना समजावण्यासाठी मराठी, सरावासाठी इंग्रजी, ही विभागणी पुरेशी आहे. दोष येतो तो प्रत्येक इंग्रजी वाक्याचे लगोलग मराठी भाषांतर सांगण्याने. कारण मग इंग्रजी ऐकण्याची मुलाला गरजच उरत नाही. प्रभूंनी 1990 साली 'सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच, का?' या आशयाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला होता. शिक्षकाला आपण जे करतो त्यामागील कारण स्वतःला पटलेले असणे, हे पद्धतीच्या नावापेक्षा मोठे, असे त्यांचे म्हणणे. नव्या पद्धतीचे नाव कागदावर लिहून जुनाच तास घेणाऱ्या आपल्या व्यवस्थेला ते अधिकच लागू पडते.

परीक्षा बदलली नाही तर मात्र यांतील काहीच फार काळ टिकणार नाही. जे विचारले जाते तेच शिकविले जाते. कर्मणी प्रयोग करा, अप्रत्यक्ष कथन करा, रिकाम्या जागा भरा, या प्रश्नांऐवजी एखाद्या सलग उताऱ्यातील चुका शोधा, दिलेल्या चार माहितींवरून सूचनापत्र लिहा, अशा प्रश्नांना अधिक गुण ठेवता येतात. तोंडी परीक्षेला वेळ कोठून आणावयाचा, ही मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे दिली तर पन्नास मुलांच्या वर्गाला अडीचशे मिनिटे, म्हणजे साधारण सात तासिका लागतात. त्या सलग घेण्याची आवश्यकता नाही. दर आठवड्याला पाच मुले, उरलेला वर्ग तोवर लेखी कामात, अशी वाटणी केली तर दहा आठवड्यांत, म्हणजे एका सत्रातच, प्रत्येक मुलाचे इंग्रजी शिक्षकाने निदान एकदा समोर बसून ऐकलेले असते.